करांगजातीचा शुद्ध गुरुवार

भाषेतील सर्व चुकांचे मूळ बोलणे हे होय. हे तत्त्व थोर वैयाकरणांना ठाऊक असणारच. परंतु त्यावर प्रत्यक्ष कारभार उभारण्याचा मान जावा बेटावरील आमच्या करांगजाती प्रभाग कचेरीकडे जातो. ज्या समितीने तो उभारला तिचा मी सदस्य-सचिव असल्यामुळे प्रस्तुत वृत्तान्तात अतिशयोक्ती संभवत नाही.

वरून परिपत्रक आले की, दर गुरुवारी कचेरीत केवळ इंग्रजी बोलावे, जेणेकरून परदेशी पाहुण्यांची सोय होईल. (अकरा महिन्यांत पाहुणा एकच आला. तो डच सायकलस्वार वाट चुकला होता आणि अस्खलित जावानीजमध्ये रस्ता विचारीत होता. गुरुवार असल्यामुळे त्याला उत्तर देता आले नाही.) नुसते ‘इंग्रजी बोला’ म्हटले तर लोक वाटेल ते बोलतील, हा धोका ओळखून समितीने इंग्रजी व्याकरणाचे बारा आवश्यक नियम सिद्ध केले. वानगीदाखल काही देतो.

पहिला: क्रियापदाचा काळ निश्चित झाल्याविना तोंड उघडू नये. (आमच्या भाषेत क्रियापदाला काळ नसतो, ‘काल’ किंवा ‘उद्या’ म्हटले की भागते. इतकी सोयीची भाषा बोलणाऱ्यांची प्रगती व्हावी तरी कशी, असा प्रश्न समितीला पडला होता.)

दुसरा: नामापूर्वी उपपद लावावे. कोणते, हे अनुभवाने कळते. अनुभव नसल्यास नाम टाळावे.

पाचवा: एकाहून अधिक वस्तूंसाठी तोच शब्द दोनदा उच्चारण्याची आपली सवय सोडावी. आधी वस्तू मोजाव्यात, मग बोलावे.

नववा: हातवारे, भुवया आणि खाकरणे ही भाषा नव्हे.

बारावा: वरील प्रत्येक नियमाला अपवाद आहेत. ते मुखोद्गत असल्याखेरीज नियम वापरू नये.

चुकणाऱ्याने पुढील गुरुवारपर्यंत पिवळा पट्टा खांद्यावरून तिरका परिधान करावा, घरीसुद्धा. आणि तिसऱ्या पट्ट्यास बढती रोखावी, असे ठरले.

पहिल्या गुरुवारी एकतीस पट्टे दिले गेले. (कर्मचारी बावीसच आहेत, काहींना दोन मिळाले.) दुसऱ्या गुरुवारी नऊ. चौथ्यापासून एकही नाही, कारण चौथ्यापासून कोणी एक शब्दही बोलले नाही. शुद्धतेचे प्रमाण शंभर टक्के झाले. तक्रारीही नियमशुद्ध इंग्रजीतच स्वीकारल्या जात असल्याने शून्यावर आल्या, आणि ते शून्य आम्ही ‘समाधानी नागरिक’ या रकान्यात नोंदविले.

मग कामे होत कुठे, असे कोणी विचारील. कचेरीच्या फाटकासमोर बू जुमिराह हिची चहाची टपरी आहे. (‘बू’ म्हणजे बाई, ‘पाक’ म्हणजे राव.) नियमांचा अंमल फाटकापर्यंतच. त्यामुळे कर्मचारी टपरीवर बसत, गाऱ्हाणे ऐकत, निर्णय देत आणि मुकाट आत जाऊन शिक्का मारून येत. (शिक्का टेबलाला साखळीने बांधलेला आहे.) गुरुवारची कामे बुधवारपेक्षा लवकर उरकू लागली. याचे श्रेय समितीने व्याकरणाला दिले.

एकच कागद मात्र टपरीवर होत नसे. वराचे लग्न दुसऱ्या तालुक्यात असल्यास त्याला आधीची बायको नाही, असा दाखला येथून न्यावा लागतो. आणि तो देताना लिपिकाने घरच्या माणसाला टेबलासमोर, तोंडी, प्रश्न विचारलाच पाहिजे.

बू सार्मी, जी बाजारात तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकते, गुरुवारी दहाला आली. तिच्या मुलाचे, सेनोचे, लग्न शुक्रवारी सकाळी आठला शेजारच्या तालुक्यात होते. तिथली विवाह कचेरी गुरुवारी तीनपर्यंतच दाखला घेणार, न मिळाल्यास लग्न रहित. सेनो जहाजावर स्वयंपाकी. तो संध्याकाळच्या आत उतरणार नव्हता. (ती सोमवारीही आली होती. तेव्हा कर्मचारी गुरुवारची तयारी करीत होते.)

टेबलामागे पाक गुनादी होते. त्यांचे दोन पट्टे झालेले. त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि ओठ मिटले.

“गुन, विचार की रे बाबा,” ती म्हणाली. “पोराला बायको आहे का, एवढंच ना?”

गुनादींनी छताकडे पाहिले. तिथे पाल चुकचुकत होती. (पाली नियमांच्या कक्षेबाहेर आहेत.)

“सुंतेच्या दिवशी नारळामागे लपला होतास, मी ओढून आणला तेव्हा गावभर बोंबललास. आज दातखीळ बसली होय?”

कोणी हसले नाही. हसणे नवव्या नियमात येते की नाही, याचा निर्णय प्रलंबित आहे.

बाराला गुनादींनी तिला टपरीवर नेले. तिथे त्यांना कंठ फुटला. “बू, सगळं कळतंय मला. सेनोला बायको नाही हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. पण आत विचारायला पाहिजे. सकाळपासून वाक्य जुळवतोय. सुरुवात जमते, शेवट हुकतो.”

“मग शेवट सोडा की,” बू जुमिराह म्हणाली. “तिकडे पोरीकडच्यांनी बोकड कापलाय.”

“तिसरा पट्टा चढला की बढती गेली, बाई. सासरा रोज जेवताना विचारतो.”

“सासऱ्याला सांगा, गुरुवार आहे.”

दोघे परत आत आले आणि समोरासमोर बसले. तालुक्याचा रस्ता चाळीस मिनिटांचा. सव्वादोनला बू सार्मी उठली, टेबलावर तळहात आपटला आणि खणखणीत इंग्रजीत म्हणाली, “मुलगा. उद्या. लग्न. शिक्का.” (मूळ इंग्रजी, येथे भाषांतर दिले आहे. दोष मूळचेच.)

कित्येक महिन्यांत गुरुवारी कचेरीत उमटलेले हे पहिले इंग्रजी. बावीसच्या बावीस जणांना समजले. मी मागच्या बाकावर नोंदवही घेऊन होतो. चार शब्दांत सात चुका मोजल्या.

गुनादी उभे राहिले. “बायको आहे?” त्यांनी इंग्रजीत विचारले.

“नाही. उद्या.”

त्यांनी शिक्का मारला.

लग्न झाले. गुनादी नियमानुसार पिवळा पट्टा घालूनच तिथे गेले. मांडवाच्या दारात नारळाच्या कोवळ्या पिवळ्या झावळ्या होत्या. त्यांच्याशी पट्ट्याचा रंग इतका जुळला की, वरपक्षाचे वडीलधारे समजून प्रत्येक पाहुण्याने आधी त्यांचाच हात हाती घेतला. बू सार्मीने कोणाचाही गैरसमज दूर केला नाही.

शिक्षेचा सन्मान होणे ही गंभीर बाब होय. समितीने तातडीने बैठक घेतली. पट्ट्याचा रंग राखाडी करण्यात आला. पाक गुनादी यांची बढती तीन वर्षे रोखण्यात आली. नियम नागरिकांनाही लागू झाले. चहाची टपरी कचेरीच्या हद्दीत घेण्यात आली. तेव्हापासून टपरीवरही शुद्धता नांदते. पुढच्या गुरुवारी दोन लग्ने पुढे ढकलली गेली. तक्रार आली नाही.

प्रस्तुत वृत्तान्ताबद्दल वाचकांचा काही आक्षेप असल्यास तो सात दिवसांत, नियमशुद्ध इंग्रजीत, आमच्याकडे पाठवावा. आपण तो लिहायला घ्याल, पहिली ओळ तीनदा वाचाल, कोणी हसेल की काय म्हणून कागद खणात ठेवाल. परवा इंग्रजी बोलणाऱ्या त्या परक्या माणसासमोर वाक्य मनातल्या मनात जुळवता जुळवता अखेर आपण नुसती मान हलवलीत, तसेच. (मान हलविणे नवव्या नियमाचा भंग आहे, पहिलीच वेळ म्हणून सोडले.) आपले नाव ‘समाधानी नागरिक’ या रकान्यात आधीच लिहून ठेवले आहे.