चोविसावी स्प्रिंग

सोफेवाल्याच्या दुकानात बसायला जागा नव्हती. ऐकून हसू येईल, पण खरं होतं. दुरुस्त झालेला सोफा तो त्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायचा. दिलेली तारीख चुकवायची नाही, हा त्याचा तीस वर्षांचा नेम. त्यामुळे दर रविवारी दुपारी फुटबॉल बघायला जमणारी मंडळी, म्हणजे तो स्वतः, समोरचा केमिस्ट आणि त्या भागाचा पोस्टमन, स्पंजच्या गठ्ठ्यांवर नाहीतर खिळ्यांच्या खोक्यांवर टेकायची. टीव्ही वरच्या फळीवर, कापडाच्या ठाणांच्या शेजारी. आणि बघायचं काय, तर आपल्या शहराचा संघ हरताना. ओळीने अकरा सामने हरला होता. बाराव्यापर्यंत मंडळींनी आशा सोडली होती, पण सवय सुटत नव्हती.

त्या रविवारी मात्र दुकानात सोफा होता. बाईंचा. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. सोफेवाला तिसरीत त्यांच्या वर्गात होता. आता तो बावन्न वर्षांचा झाला, डोक्यावरचे केस गेले, तरी बाई दुकानाच्या पायरीवर दिसल्या की त्याचे हात आपोआप पाठीमागे जायचे. सोफा शनिवारी आला आणि त्याने लगेच उघडून ठेवला होता. वरचं कापड काढलेलं, स्पंज बाजूला, आतल्या चोवीस स्प्रिंगा उघड्या. त्यावर एक पातळ गोधडी टाकून तिघं बसले. केमिस्ट मधे, कारण तो रुंद.

सामना परक्या मैदानावर, तोही पहिल्या नंबरच्या संघाशी. सत्त्याऐंशी मिनिटं झाली तरी आपल्यावर एकही गोल बसला नव्हता, आणि पोस्टमन म्हणत होता की एवढ्यावर शिट्टी वाजवून टाकावी, कशाला उगाच पुढे खेळायचं. तेवढ्यात बुडातली सुतळी तुटली आणि मधली एक स्प्रिंग उसळून वर आली. केमिस्ट ताडकन उभा राहिला. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्याच्या वयाला शोभणारा नव्हता. आणि नेमक्या त्याच क्षणी, वर्षभर गोल सोडून सगळीकडे चेंडू मारणाऱ्या आपल्या नऊ नंबरच्या खेळाडूच्या पाठीवर कुणीतरी मारलेला चेंडू आपटला आणि थेट जाळ्यात गेला.

थोडा वेळ कुणाला काही कळलंच नाही, नऊ नंबरलासुद्धा. मग शेवटची शिट्टी झाली आणि दुकानात जो काही धुमाकूळ झाला तो विचारू नका. पोस्टमनने स्पंजच्या गठ्ठ्याला मिठी मारली. सोफेवाला खुर्चीच्या मोडक्या सांगाड्याला खांद्यावर घेऊन नाचला. सोफेवाल्याची बायको वरच्या मजल्यावरून पाण्याची बादली घेऊन धावत आली. अकरा रविवार तिला खालून फक्त उसासे ऐकू आले होते, त्यामुळे ओरडा ऐकून तिला वाटलं, दुकानाला आग लागली. पोस्टमनने ती बादली तिच्या हातातून घेतली आणि केमिस्टच्या डोक्यावर ओतली.

केमिस्ट निथळत, मागची बाजू चोळत विचारात पडला होता.

"मी सायन्स शिकलेला माणूस आहे," तो म्हणाला. "अकरा सामन्यांत स्प्रिंग टोचली नाही, अकरा हरलो. बाराव्यात टोचली, जिंकलो. आणखी काय पुरावा पाहिजे?"

सोफेवाला आणि पोस्टमन यांना आणखी पुरावा नकोच होता. पुढच्या रविवारी वर्षातला शेवटचा सामना, पुन्हा परक्या मैदानावर. जिंकलो तर पहिल्या गटात राहणार, नाहीतर खालच्या गटात. तेव्हा ठराव झाला की रविवारपर्यंत सोफ्याला टाकासुद्धा घालायचा नाही. आनंदाच्या भरात सोफेवाल्यानेही मान डोलावली. मग त्याला आठवलं की सामना रविवारी आणि बाईंना दिलेला वायदा शनिवारचा.

बाईंची गरज साधीसुधी नव्हती. त्यांच्या मिस्टरांचा, म्हणजे काकांचा, गुडघा नवा बसवला होता आणि ते शनिवारी हॉस्पिटलातून घरी यायचे होते. डॉक्टरांनी बजावलं होतं की बसायचं ते उंच आणि घट्ट जागेवर, खाली रुतायचं नाही, हिसका बसता कामा नये. घरात तसा एकच सोफा, आणि तो इथे पोट उघडून पडलेला. सोफा नाही तर काका घरी येणार नाहीत. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती हीच.

मंगळवारी बाई आल्या. काम तसूभरही पुढे सरकलेलं नाही हे त्यांनी पायरीवरूनच पाहिलं. सोफेवाल्याचे हात मागे गेले. त्याने सांगितलं की कापड अजून आलेलं नाही. बाईंनी समोरच्या टेबलाकडे बोट केलं. कापड त्यांनी स्वतःच आणून दिलेलं होतं, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. माणूस पाण्यात पडला की हातपाय मारतोच. सोफेवाल्याने जे पहिलं तोंडात आलं ते बोलून टाकलं.

"लाकडाला वाळवी लागलीय, बाई."

असं खोटं दुसऱ्या कुणाकडे खपून गेलं असतं. बाई मात्र एखादी गोष्ट ऐकून सोडून देणाऱ्यातल्या नव्हत्या. सोफ्याला वाळवी म्हणजे घराला वाळवी, असा हिशेब करून त्यांनी बुधवारी सकाळी वाळवीचं औषध मारणारा माणूस बोलावला. घरातली कपाटं, पलंग, टेबलं सगळं अंगणात काढलं. ते बघून शेजारच्यांनी विचारलं, त्यांनी आपलंही सामान बाहेर काढलं, मग त्यांच्या शेजारच्यांनी. दुपारपर्यंत सबंध गल्लीचा संसार रस्त्यावर आला. पोस्टमनला पत्रं वाटायला दोन पलंगांवरून चढून जावं लागलं. एका आजोबांचं पत्र त्याने त्यांना रस्त्यातच, त्यांच्या स्वतःच्या पलंगावर बसलेलं बघून दिलं. आणि एवढं करून वाळवी कुठेच सापडली नाही. औषधवाला म्हणाला की इतकं निरोगी लाकूड त्याने उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही.

पोस्टमनने ही हकीगत दुकानात येऊन सांगितली तेव्हा सोफेवाल्याची पाचावर धारण बसली. गुरुवारी बाई आल्याच. त्या दमलेल्या दिसत होत्या. कपाळाला धूळ लागलेली.

"खरं काय ते सांग," त्या म्हणाल्या.

"वाळवी नाही, बाई. मी खोटं बोललो."

का बोललो, हे मात्र त्याच्या तोंडून निघेना. स्प्रिंग, केमिस्ट, नऊ नंबर, हे सगळं बाईंपुढे कोणत्या तोंडाने सांगायचं? बाईंनीही विचारलं नाही. त्या खिळ्यांच्या खोक्यावर बसल्या आणि म्हणाल्या की त्यांना राग नाही आला, वाईट वाटलं. काका रोज फोनवर एकच विचारतात, सोफा आला का.

"त्यांना रविवारच्या आत घरी यायचंय," बाई म्हणाल्या. "तिथं टीव्ही नाही. त्यांची ती टीम खेळणार आहे म्हणे. मागचा सामना चुकला म्हणून दोन दिवस नर्सशी बोलले नाहीत. बावीस माणसं एका चेंडूमागे धावतात, त्यात एवढं काय असतं ते त्यांनाच ठाऊक."

सोफेवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या सामन्यासाठी त्याने हे सगळं केलं, तोच सामना बघायला एक म्हातारा माणूस पलंगावर पडून दिवस मोजत होता. शनिवारी पाच वाजता सोफा घरात असेल, असं त्याने सांगितलं, आणि या वेळी ते खरं होतं.

संध्याकाळी त्याने दोघांना निर्णय सांगितला. केमिस्ट रडायचाच बाकी राहिला. पोस्टमन म्हणाला, तीस वर्षांची दोस्ती विसरलास. शेवटी बरीच ओढाताण होऊन तोडगा निघाला तो केमिस्टच्याच डोक्यातून. तेवीस स्प्रिंगा नीट बांधायच्या आणि ती एकच, मधली, तशीच सैल ठेवायची. रविवारी काकांच्या तब्येतीची विचारपूस करायला तिघांनी जायचं आणि केमिस्टने त्या जागेवर बसायचं. टोचली तर त्याला टोचेल, त्याची काही तक्रार नव्हती. सोफेवाल्याने हो म्हटलं. शुक्रवारभर आणि शनिवारी सकाळी राबून त्याने सोफा असा केला की नवा त्यापुढे झक मारेल, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा एका स्प्रिंगला मुद्दाम कच्चा टाका घातला. बायको बघत होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "तुमच्या हातचं काम नाही वाटत हे."

रविवारी तीन वाजता तिघं बाईंच्या दारात हजर. केमिस्टने ब्लडप्रेशरचं मशीन आणलं होतं, पोस्टमनने कालच देता आलं असतं असं एक पत्र, आणि सोफेवाल्याच्या खिशात त्याच्याही नकळत सुई आणि सुतळी होती. दार उघडलं आणि तिघंही उंबऱ्यात थबकले. काका सोफ्यावर बरोबर मधे बसले होते. समोर टीव्ही चालू होता.

केमिस्टने काकांना परोपरीने सांगून पाहिलं की कडेला बसलं तर हात टेकायला मिळतो, रक्तदाब चांगला राहतो. काका म्हणाले, "वीस वर्षं मी इथंच बसतोय. रक्तदाब उठून गेला तरी मी उठणार नाही."

सामना सुरू झाला. गोल होईना. काका प्रत्येक चढाईला पुढे झुकायचे आणि मागे टेकायचे, आणि दर वेळी सोफेवाला बसल्या जागी अर्धा इंच वर यायचा. दोन्ही दोस्तांचे डोळे टीव्हीवर, याचे काकांच्या बुडाखाली. तो सैल टाका एकेक धाग्याने उकलत असणार, हे त्याला दिसत नव्हतं, पण तीस वर्षांच्या हातांना कळत होतं. ऐंशीव्या मिनिटाला चेंडू खांबाला लागून परतला, काका अर्धवट उठून धपकन बसले, आणि आतून बारीकसा 'टक्' आवाज आला. तो आवाज खोलीत एकट्या सोफेवाल्यालाच ऐकू गेला.

तो उभा राहिला. केमिस्टने त्याची बाही धरली. त्याने ती सोडवली.

"काका, उठा. बाई, त्यांना हात द्या, सावकाश उठवा. त्यातली एक स्प्रिंग मी पक्की बांधलेली नाही. मुद्दाम." आणि हात पाठीमागे घेऊन त्याने सगळं सांगून टाकलं. सुतळी, नऊ नंबर, वाळवी, काही शिल्लक ठेवलं नाही.

काकांना बाईंनी आणि पोस्टमनने उचलून जेवणाच्या उंच खुर्चीवर बसवलं. काका इतकंच म्हणाले की काय ते लवकर उरका आणि टीव्हीसमोर कुणी उभं राहू नका. सोफेवाल्याने सोफा उलटा केला, तळाचं कापड उसवलं आणि स्प्रिंगांखालच्या पट्ट्यांमधून कोपरापर्यंत हात आत घातला. केमिस्टने एक पाय धरला, पोस्टमनने दुसरा. दोघांचे चेहरे मयताला आल्यासारखे. बाई वर वाकून, चष्मा सावरून, टाका नीट पडतोय की नाही ते बघत होत्या, जशा कधीकाळी वहीत बघायच्या. सोफेवाल्याने स्प्रिंग दाबली, सुतळी तीनदा फिरवली आणि गाठ करकचून ओढली.

"गोल!"

काका एकटेच ओरडले होते, कारण बघणारे ते एकटेच होते. बाकी चौघं सोफ्याच्या पोटात डोकं घालून. नऊ नंबरने मारला, या खेपेला पायाने, असं काका सांगत होते. पोस्टमन सोफ्याचा पाय सोडून टीव्हीकडे धावणार होता.

"खबरदार," बाई म्हणाल्या. "जागचं कुणी हलायचं नाही. सहा मिनिटं आहेत अजून. सोफा उलटाच राहू दे."

पोस्टमन जागच्या जागी थिजला. केमिस्ट बाईंकडे असा बघायला लागला, जणू आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणी समजून घेतलं. सोफेवाल्याने गाठीवरचा हात काढायला सुरुवात केली होती.

"तू तर मुळीच हलू नकोस," बाई म्हणाल्या. "गाठ धरून ठेव."

आणि अशा रीतीने सोफेवाल्याने आयुष्यातला सगळ्यात मोठा सामना पट्ट्या, लाकूड आणि स्वतःच्याच हातचे चोवीस पक्के टाके बघत काढला. कानावर येत होतं तेवढंच. काका म्हणाले कॉर्नर. केमिस्ट म्हणाला मेलो. बाई म्हणाल्या, "अरे, लांब मार ना तो, खेळवत काय बसलाय." हात बधिर झाला, बोटांना मुंग्या आल्या, पण गाठ त्याने सोडली नाही. मग शिट्टी झाली. काका खुर्चीवर बसल्या बसल्या टाळ्या वाजवत होते, पोस्टमन आणि केमिस्ट एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते, आणि पदराने चष्मा पुसत बाई विचारत होत्या की पुढच्या वर्षीचा पहिला सामना कोणत्या तारखेला असतो.

"सोडू का आता, बाई?" सोफ्याच्या आतून सोफेवाल्याने विचारलं.

"थांब," बाई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या. "तो गोल परत दाखवतायत."