टारंटुलाची समक्ष पाहणी

जगातल्या सर्व प्राण्यांमध्ये शासकीय देखभालीला सर्वांत योग्य प्राणी म्हणजे बिळात राहणारा टारंटुला कोळी होय. तो काही मागत नाही, ओरडत नाही, रजेवर जात नाही आणि दिसत नाही. हा शेवटचा गुण तर असा मोलाचा, की त्यामुळे बाकीचे तीन तपासून पाहायची गरजच उरत नाही.

आमच्या जप्त जीव संगोपन केंद्राला हे भाग्य सहा वर्षांपूर्वी लाभलं. बस स्थानकावर एका परदेशी पाहुण्याच्या पिशवीत, दह्याच्या डब्यात, तळहाताएवढी टारंटुला मादी सापडली. पाहुणा त्याच संध्याकाळी देश सोडून गेला. टारंटुला मात्र पुरावा ठरली, आणि खटल्याचा निकाल लागेपर्यंत तिला जिवंत राहण्याचा हुकूम झाला. (हुकुमाची प्रत पेटीवर चिकटवली आहे. तिने आजवर त्याचा भंग केलेला नाही.)

तिच्या निगेसाठी एक पद निर्माण झालं आणि ते मेल्वा ग्रेफा या बाईला मिळालं. करारात अट एकच. वर्षातून एकदा राजधानी क्विटोहून निरीक्षक येणार; जनावर त्यांच्या डोळ्यांना दिसलं तर करार पुढे चालू, नाही दिसलं तर जनावर आणि मेल्वा, दोघींची नावं खोडायची. मेल्वाच्या घरात नोकरी म्हणावी अशी ही एकच होती.

निगेचे नियम तिने स्वतःच लिहून काढले, कारण वरून आलेले छापील नियम पोपटाचे होते. माती दोन वीत खोल असावी. ओलसर असावी, चिखल नसावा. आठवड्याला एक रातकिडा. हात लावू नये. लावल्यास ती पोटावरचे केस झाडते आणि लावणारा चार दिवस खाजवत बसतो. (केंद्रप्रमुखांनी याची तीनदा खात्री करून घेतली आहे.) नियमांचा परिणाम उत्कृष्ट झाला. सहा वर्षांत टारंटुला एकूण एकोणीस वेळा दिसली. त्यांपैकी अकरा वेळा फक्त पाय दिसले, दोन वेळा दिसल्यासारखं वाटलं, आणि एकदा शाळेच्या सहलीने टाळ्या वाजवल्या ते युकाच्या कंदाचं साल निघालं.

यंदा मात्र तिने बिळाचं तोंड आतून मातीने लिंपून घेतलं आणि रातकिडे नाकारले. मेल्वा म्हणाली, कात टाकायला बसलीय, दोन-तीन महिने तिला हलवायचं नाही. दोन महिने कोणी हलवलं नाही. मग पत्र आलं की निरीक्षक लिसेन्सियादा आरासेली बुस्तामान्ते गुरुवारी समक्ष पाहणीला येत आहेत. (लिसेन्सियादा म्हणजे पदवीधर बाई. पदवी लावल्याशिवाय आमच्याकडे कोणी कोणाला हाक मारत नाही, मारलीच तर ती ऐकू येत नाही.)

केंद्रप्रमुख इंजिनियर वेलिंग्टन कोबोस मूळचे पुलांचे. बढती मिळून प्राण्यांकडे आलेले. त्यांनी बुधवारी मिंगा बोलावली. रस्ता खचला की मिंगा, छप्पर उडालं की मिंगा. काम एकट्याचं असलं तरी सगळ्यांनी मिळून करायचं, ही आमची रीत. हातभर लांबीची काचेची पेटी खणायला मला धरून चौदा माणसं, नऊ फावडी, एक कुदळ आणि पानात भाजलेल्या माशांची दोन पातेली हजर झाली. मेल्वाने पेटी उचलून मांडीवर घेतली आणि दोन्ही हात आडवे टाकून बसली.

"कात टाकताना तिचं अंग लोण्यासारखं असतं," ती म्हणाली. "फावडं राहू द्या, नख लागलं तरी जाईल."

"आणि ती दिसली नाही तर तुमची नोकरी जाईल, मेल्वाबाई. एवढं तरी कळतंय का?"

"कळतंय की, इंजिनियरसाहेब. खणा ना. आधी मला उचला."

मेल्वा अंगाने भरभक्कम. चौदा जणांनी तिच्याकडे पाहिलं, मग पातेल्यांकडे पाहिलं, आणि मिंगा माशांवर बसली. (काम शंभर टक्के पूर्ण. पातेली दोन्ही रिकामी.)

गुरुवारी सकाळी पाहतो तर काय, बिळाचं तोंड उघडलेलं आणि बाहेर टारंटुला बसलेली! आठ पाय, दोन सुळे, सगळं जागच्या जागी. मेल्वाने वाकून पाहिलं आणि हळूच सांगितलं की ही नुसती कात आहे, जनावर आत आहे. इंजिनियरसाहेबांनी तेवढ्याच हळू आवाजात सगळ्यांना बजावलं की हे कोणीही ऐकलेलं नाही. बुधवारचे चौदाही जण आजही काही खायला मिळेल म्हणून आलेले होतेच. आम्ही माना डोलावल्या. सर्वांत जोरात मी डोलावली, कारण मला मेल्वा मनापासून आवडते आणि तिचं बरं व्हावं असं फार वाटत होतं.

लिसेन्सियादाबाई काचेशी बसल्या. त्यांनी चार फोटो काढले आणि मोठ्याने म्हणत लिहिलं: प्रकृती उत्तम, स्वभाव शांत, फोटोला संपूर्ण सहकार्य. असं समजूतदार जनावर आपल्या कारकिर्दीत पाहिलं नाही, असंही त्या म्हणाल्या. सहीसाठी पेन टेकवला.

"लिसेन्सियादा," मेल्वा म्हणाली, "ती कात आहे. जनावर बिळात आहे."

इंजिनियरसाहेबांनी डोळे मिटले. बाईंनी चिमटीत धरून कात उचलली. ती पंख्याच्या वाऱ्याने हलली.

"आत आहे हे तुम्ही पाहिलंत?"

"नाही. पण कात कोणीतरी टाकली असेलच ना."

हा युक्तिवाद बिनतोड होता, पण नमुन्यात त्याला रकाना नव्हता. निकाल असा लिहिला गेला: जनावर गैरहजर, कात हजर. मेल्वाचं नाव त्याच पेनाने खोडलं. कात पुरावा म्हणून मोहोरबंद होऊन क्विटोला गेली. तिच्या निगेसाठी तिथे नवीन पद निर्माण झालं असून आठवड्याला एक रातकिडा मंजूर आहे. (कात जिवंत असल्याचा दाखला दर महिन्याला मिळतो.)

पाच दिवसांनी भर दुपारी टारंटुला बाहेर आली, पहिल्यापेक्षा मोठी, काळीभोर, नवी कोरी. आम्ही कळवलं. उत्तर आलं की नोंद नसलेलं जनावर रानटी समजावं. तेव्हा मेल्वाने ती टोपलीत घालून नेली आणि आपल्या युकाच्या शेतामागच्या ओहोळाकाठी सोडली. ती तडक मातीत शिरली. मेल्वा आता शेतातच राबते, आणि आमच्याशी बोलत नाही.

केंद्राने या घटनेची रीतसर चौकशी केली. मेल्वाच्या भल्यासाठी गप्प बसलेल्यांची यादी तयार झाली. तीत चौदा नावं आहेत. पण बाईंनी सहीसाठी पेन टेकवला तेव्हा, वाचकहो, 'आता ही बया बोलली नाही म्हणजे मिळवली' असं तुमच्याही मनात येऊन गेलं. यादीत पंधरावी ओळ रिकामी आहे. नाव स्वच्छ अक्षरात लिहावं.