प्रभार नसलेले शिकलगार सर

शिकलगार सर माणसाला नावानं हाक मारत नसत. माणूस ओळखीचा झाला की आठवड्याभरात ते त्याला एखादं मूलद्रव्य चिकटवत, आणि पुढं तो त्यांच्या तोंडात त्याच नावानं राही. आमचे मुख्याध्यापक म्हणजे हेलियम. "हलकं हाय. सोडलं की वर जातंय. आन् कुणाशी संयोग म्हणून न्हाई." ऑफिसातले क्लार्क म्हणजे सोडियम. "पाण्याचा थेंब पडला तरी पेटतंय. रॉकेलात बुडवून ठेवाय पायजे." मी मराठी शिकवते. मला त्यांनी कार्बन केलं. मला वाटलं, हिऱ्यामुळं असेल. तर म्हणाले, "चार हात असत्यात कार्बनला. शाळंतली कुठलीबी बातमी तुमच्याबिगर जुळत न्हाई, बाई."

मी आठवडाभर अबोला धरला. मग एक बातमी पोटात राहिना म्हणून बोलले.

"आणि तुम्ही कोण, सर?" मी एकदा विचारलं.

"मी न्यूट्रॉन. वजन हाय, प्रभार न्हाई."

स्टाफरूम हसली, पण दबकत. मुख्याध्यापकांची जागा रिकामी झाली तेव्हा शिकलगार सर सगळ्यांत ज्येष्ठ होते. प्रभार मिळाला चार वर्षांनी धाकट्या माणसाला, कारण तो संस्थेच्या अध्यक्षांचा भाचेजावई होता. सरांनी अर्ज केला नाही, तक्रार केली नाही. फक्त जीभ जास्त चालायला लागली. "आमचा आजा गावोगाव इळ्या-सुऱ्यास्नी धार लावत हिंडायचा," ते म्हणत. "आमी जिभेला लावतो."

शाळा कुपवाडच्या एमआयडीसीला लागून. पोरं कारखान्यांतल्या कामगारांची. आवर्तसारणी दहावीला असते, पण सर ती आठवीलाच घ्यायचे. "निम्मी पोरं दहावीपतुर टिकत्यात कुठं? मूलद्रव्यं तरी बघून जाऊ देत." अणू शिकवायचा म्हणजे ते झेंड्याच्या खांबाशी मोहरीचा दाणा ठेवत, हे केंद्रक. मग सगळा वर्ग फाटकाबाहेर पार पत्र्याच्या वर्कशॉपपर्यंत चालवत नेत. "हितं फिरतोय इलेक्ट्रॉन. मधी काय हाय?"

"रस्ता हाय, सर."

"कायबी न्हाई मधी! निव्वळ मोकळी जागा. तुमी, मी, हेडमास्तर, समदी मोकळी जागा."

ही मुलं घरी जाऊन आई-बापांना तुम्ही पोकळ आहात म्हणून सांगत. पालक भांडायला येत. सर त्यांनाही एकेक मूलद्रव्य देऊन परत पाठवत.

सहा वर्षांमागं आठवीत अंकिता नावाची मुलगी होती. मागच्या बाकावर बसणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एके दिवशी मी खडू मागायला त्यांच्या वर्गाच्या दारात उभी होते. सरांनी तिला उभं केलेलं. "अणुअंक अठरा. इलेक्ट्रॉन संरूपण सांग." ती गप्प. पुन्हा विचारलं. गप्पच. नजर फळ्याच्या पलीकडं कुठंतरी.

"कळलं," सर म्हणाले. "तू आर्गॉन. त्या नावाचा अर्थच आळशी. कुणाशी बोलायचं न्हाई, काय करायचं न्हाई, वर्गात नुसतं भरून ऱ्हायाचं."

वर्ग खदखदून हसला. मीही हसले. हे लिहायला जड जातं, पण हसले.

दुसऱ्या दिवशी अंकिता आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. महिन्यानं सर तिच्या खोलीवर गेले तर कुलूप. माणसं गाव सोडून गेली, एवढंच शेजाऱ्यांनी सांगितलं. त्यानंतर सरांनी एकाही विद्यार्थ्याला मूलद्रव्याचं नाव दिलं नाही. मोठ्यांना देत राहिले, पोरांना पूर्ण नावानं हाक मारू लागले. मला ते दिसत होतं. का, ते मी विचारलं नाही.

यंदा मे अखेरीला सर निवृत्त झाले. निरोप समारंभात मुख्याध्यापकांनी त्यांच्या भूगोलाच्या सेवेचा गौरव केला. कुणी दुरुस्ती केली नाही. सरांनीही नाही. शाल-नारळ घेऊन ते कपाट रिकामं करायला गेले आणि तासाभरानं एक वही घेऊन माझ्यापुढं उभे राहिले.

"बाई, हिला येत हुतं."

अंकिताची गृहपाठाची वही. आर्गॉनच्या त्या तासाच्या आदल्याच दिवशी तिनं तपासायला ठेवलेली. कंपासनं आखलेली स्वच्छ वर्तुळं, त्यांवर ठिपके. अठरा: दोन, आठ, आठ. पान न तपासलेलं.

"मग ती बोलली का नाही?" मी म्हटलं.

"मी ईचारतो तसं ईचारल्यावर कोण बोलंल?"

जुन्या विद्यार्थ्यांना फोन करकरून त्यांनी पत्ता काढला. फलटणजवळच्या एका गावी दिलेली होती. "तुमी चला संगट," ते म्हणाले. "सासरच्या घरी परका बाप्या एकलाच कसा जाऊ?" जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही एसटीत बसलो. वही त्यांच्या मांडीवर. लाल पेनानं सगळी तपासलेली, शेवटी सही, आजची तारीख. वाटेत ते खिडकीकडं बघत काहीतरी पुटपुटत होते. माफीची तयारी चालली होती. दोनदा सुरुवात बदलल्याचं माझ्या कानावर आलं.

घर उसाच्या रानातच होतं. अंकिता अंगणात धुणं वाळत घालत होती. तिनं आधी मला ओळखलं, मग सरांना, आणि पदराला हात पुसत वाकून पाया पडली. सर खुर्चीवर बसेनात. उभ्यानंच म्हणाले, "अंकिता, मी तुला वर्गात आर्गॉन म्हणलो हुतो. आळशी म्हणलो हुतो. त्यानं तू शाळा सोडलीस."

"कवा, सर?"

"आठवीत. तुझा तो शेवटचा दिवस हुता."

तिनं आठवून बघितलं. मग मान हलवली. "न्हाई ध्यानात, सर. त्याच्या आदल्या सांजंला कारखान्यात पप्पांचा हात प्रेस मशिनीत गेला. रातभर दवाखान्यात बसून हुतो आमी. सकाळी मम्मी म्हणली, तू शाळंत जा, हितं काय करतीस. तुमी काय ईचारलं, मी काय बोलले, कायबी आठवत न्हाई. मग मम्मी कामाला लागली, भावंडं बघाया मी घरी. पुढं आजोळी गेलो."

सर खुर्चीवर बसले. मला वाटलं, त्यांना हलकं वाटेल. पण रात्रभर जागलेल्या पोरीला आपण आळशी म्हणालो, हे त्यांना आत्ता कळत होतं. माफी मागावी तर ती कशाची, हे तिला ठाऊक नव्हतं.

त्यांनी वही पुढं केली. तिनं पानं उलटली. "हे मी काढलंय?" ती धावत आत जाऊन सासूला दाखवून आली. सासू दारात येऊन म्हणाली, "हुशार हुती म्हणायची की." आणि आत निघून गेली, कारण चुलीवर दूध होतं.

चहा झाला. सर निवृत्त झाल्याचं मी बोलता बोलता सांगितलं. आम्ही उठलो. अंकिता रस्त्यापर्यंत आली आणि सहज म्हणाली, "सर, आता शाळा न्हाई तर घरी कोण कोण असतंय?"

सर थांबले.

"मी असतो की."

"आन्?"

ते हसल्यासारखं करून चपलेकडं बघू लागले. अकरा वर्षं मी शेजारच्या टेबलावर बसले. अख्ख्या शाळेच्या बातम्या मला ठाऊक. हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नव्हता.

"मग दिवाळीला हिकडंच या," अंकिता म्हणाली. "आमच्याकडं बी लय माणसं न्हाईत. या नक्की."

एसटी मिळाली. मी डोळे मिटून घेतले, म्हणजे त्यांना माझ्याशी बोलावं लागू नये. दहिवडी मागं गेल्यावर त्यांनी माझ्या कोपराला हलकेच बोट लावलं.

"बाई, औंदा दिवाळी कवा हाय ओ?"

मी मोबाइलमध्ये बघून सांगितलं. पाच महिने होते अजून. त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं, तारीख पुन्हा एकदा विचारून घेतली आणि तिकिटाच्या मागं लिहून ठेवली.