न खाकरणारी बस

"ही गाडी निघताना खाकरत नाही हं, ताई," चालक इओसेफाने बजावलं होतं. वाओसाने हसून मान डोलावली आणि विसरून गेली.

बेटावरच्या अपिया शहरात आज विजेची पहिली बस धावणार होती. तिच्यासाठी गावच्या सभेत सगळ्यांत जास्त भांडली होती वाओसाच. जुन्या लाकडी बसच्या धुराने तिच्या दोन वर्षांच्या मुलाचा, फेतूचा खोकला हटतच नव्हता. आज ती कानामागे लाल फूल खोचून, लग्नाला निघाल्यासारखी आली होती.

बाजाराच्या थांब्यावर बस भरली, मग इथल्या रिवाजाप्रमाणे माणसं माणसांच्या मांडीवर बसली. फेतूला एका ऐसपैस बाईंच्या मांडीवर ठेवून वाओसा गरमागरम पानिकेके, म्हणजे तळलेले गोड गोळे, घ्यायला उतरली. शेजारीच तिच्यासोबत निघालेल्या सासूबाई अळूचे कंद निवडत होत्या.

"आई, चला ना!"

"अगं, गाडी ओरडू दे तर खरी! दोनदा गुरगुरल्याशिवाय कुठली बस सुटलीये?"

तेही खरंच. वाओसाने आणखी चार पानिकेके मागितले.

वळून पाहते तर बस गायब! आवाज नाही, धूर नाही, काही नाही.

"माझं पोर!" ती धावत एका जुन्या बसमध्ये चढली. "काका, त्या मुक्या गाडीला गाठा!"

"म्हणजे शेवटी आम्हीच लागलो ना?" म्हातारा चालक खूश झाला. बस दोनदा गुरगुरली, काळा लोट उठला, आणि सभेत धुराविरुद्ध गरजलेली वाओसा त्यात उभी राहून ओरडत होती, "अजून जोरात! होऊ दे धूर!"

चर्चच्या थांब्यावर नवी बस सापडली. वाओसा आत घुसली. "फेतू कुठंय?"

"अगंबाई, तुझा होय तो?" ऐसपैस बाई म्हणाल्या. "मी मागे दिला."

"मला वाटलं, बाईंचाच नातू. मीही मागे दिला."

"आणि मी त्याच्या मागे!"

मांड्यामांड्यांवरून पोर थेट शेवटच्या बाकावर, पाद्रीबाबांच्या कुशीत पोचलं होतं. गाढ झोपलेलं. वाओसाने त्याच्या छातीला कान लावला. घरघर नाही. बसमध्ये पहिल्यांदाच.

"एकदाही खोकला नाही," पाद्रीबाबा कुजबुजले.

सगळ्या बसने टाळ्या पिटल्या. वाओसा रडत हसली, तिने पानिकेके वाटले. दोन गावं मागे पडल्यावर इओसेफाने आरशातून विचारलं, "ताई, सासूबाई कुठल्या मांडीवर?"

तर, तुम्ही बाजाराकडे जाणार असाल, तर वाओसाची विनंती आहे. अळूच्या ढिगापाशी एक बाई कान टवकारून बसल्या असतील. त्यांच्याकडे जरा बघून या. बस गेली, हे हळूच सांगा.