घाटावरचं इंग्रजी

आमच्या ले-आउटच्या वसाहतीत कोणी आजारी पडलं की घरचे ती बातमी आधी भोयरकाकांपासून लपवतात. काका वाईट माणूस नाहीत. भेटायला येतात, पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसतात आणि शिंपी कापडाकडे पाहतो तसे आजाऱ्याकडे पाहत राहतात. त्यांना शब्द सुचत असतो.

नागपुरात चिता पेटली की मंडळी लगेच पांगत नाहीत. घाटावरच्या शेडखाली बसतात, एकदोघं उठून गेलेल्याविषयी बोलतात, मग मौन, मग आपापल्या गाड्या. भोयरकाका अशा प्रत्येक शोकसभेत उठतात, हात मागे बांधतात आणि गेलेल्या माणसाला एक इंग्रजी शब्द देतात. "श्री. चौधरी. इनडिफॅटिगेबल. म्हणजे न थकणारे." झालं. खाली बसतात.

काका कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. खात्याच्या परीक्षेत इंग्रजीपायी बढती हुकली, त्या रागात शब्दकोश हाती धरला, तो राग गेला तरी सुटला नाही. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. सकाळी अंगणात फेऱ्या मारत घोकणं चालतं. शब्द डोक्यात राहावा म्हणून तो ओळखीच्या माणसाला चिकटवायचा, ही त्यांची रीत. दूधवाला 'प्रोक्रॅस्टिनेटर', म्हणजे चालढकल करणारा. मला एकदा फाटकाशी अडवून म्हणाले, "तुहं तयार हाय बरं का. टॅसिटर्न. म्हणजे मोजकं बोलणारा."

मी नुसती मान हलवली.

"पाय, बोलला काय एक शब्द तरी!" काका खूश झाले.

मी एकदा विचारलं होतं, हे शब्द चारचौघांत घाटावरच काहून?

"जित्या माणसासमोर बोललो तं हासतात गा. घाटावर कोणी हासत नाही."

अर्थाच्या बाबतीत मात्र भलते कडक. किराणावाले साहूजी गेले तेव्हा काका 'गॅर्युलस, म्हणजे नको तितके बडबडे' असं बोलून शांतपणे खाली बसले. साहूजींचा मुलगा तिथंच अंगावर आला. "काका, एखादा अच्छा शब्द नाही भेटला काय?"

"भेटला असता. पण तो तुह्या बाबाचा नव्हता."

नंतर बरेच दिवस काका साखर आणायला पार चौकापलीकडे जात होते.

म्हणूनच माझे बाबा गेले त्या सकाळी मी सगळ्यात आधी काकांचं दार वाजवलं.

आता स्पष्टच लिहितो. बाबा गेले तेव्हा मला हायसं वाटलं. कोणाजवळ बोललो नाही, बायकोजवळही नाही. बाबांची स्कूटर फाटकात वाजली की आई हातातलं टाकून स्वयंपाकघरात जायची, आणि तिथून बाबांनी ताट फेकल्याचा आवाज यायचा. तिचा आवाज कधीच यायचा नाही. मी बँकेतल्या बदल्या मागून मागून बरीच वर्षं लांब राहिलो. शेजारी राहून हे सगळं ऐकलं ते भोयरकाकांनी. बाबांचा शब्द कोणत्या जातीचा असणार, हे मला न सांगता कळत होतं.

"काका, आज नका बोलू."

"मंग तू बोलतं काय?"

मी दाराची कडी उगाच वरखाली केली.

"वहिनी येऊन राहिल्या घाटावर?"

"हो. आई ऐकतच नाही."

"मंग कोणाले तं बोलाच लागन," म्हणाले आणि चप्पल शोधायला लागले.

शेडमध्ये आई मागच्या सिमेंटच्या बाकावर बसली होती. काका उठले, हात मागे बांधले.

"श्री. नारायणराव. ट्रक्युलंट."

मी खिशातला मोबाइल काढून अर्थ पाहिला. भांडखोर, अंगावर धावून जाणारा, क्रूर. पुढचं ऐकायला नको म्हणून मी चितेकडे तोंड केलं.

"म्हणजे," काका म्हणाले आणि अडले. कधी अडत नाहीत. "म्हणजे वरून कडक. पण मनातून घरच्यांसाठी तुटणारे. बोलून न दाखवणारे."

पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी माना हलवल्या. मौन झालं.

बाहेर काका स्कूटरला किक मारत होते, ती सुरू होत नव्हती. मी जवळ गेलो. माझ्या हातात अजून मोबाइल होता.

"काका, त्याचा अर्थ..."

"मालूम हाय मले." त्यांनी वर पाहिलं नाही. "कोणाले सांगू नको गा. माही इज्जत जाईन."

संध्याकाळी घर जरा रिकामं झाल्यावर आईनं मला जवळ बोलावलं. "भोयर भाऊजी काय शब्द बोलले, बापू?"

मी सांगितला.

"अन् अर्थ?"

मी काकांचाच अर्थ सांगितला, जसाच्या तसा.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "एवढे शिकेल-सवरेल माणूस. माह्यापायी खोटं बोलाले लागले."

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

"तेरवीले त्यायले बोलाव," ती म्हणाली. "अन् नको म्हणतीन तरी आग्रह करून वाढजो. घरी आग्रह करणारं कोणी नाही त्यायच्या."