एक बेलबॉटम, पाच नवरदेव

“माह्या ट्रंकीले हात कोणं लावला?”

भैयालालच्या या आरोळीनं गोंदियाजवळच्या फुलचूरच्या त्या घरात नुकतंच झोपलेलं बाळ दचकून उठलं आणि भोकाड पसरून बसलं. दामिनीला, म्हणजे धाकट्या सुनेला, ट्रंकेपेक्षा त्याचाच राग आला. अर्धी सकाळ पाळणा हलवून तिनं ती झोप कमावली होती. आता कुठं आपले केस विंचरू, म्हणून फणी हातात घेतली होती.

“मी लावला, मामाजी,” बाळाला खांद्यावर टाकत ती सासऱ्यांना म्हणाली. “टिंकूचं थंडीचं टोपरं शोधून राहिली होती.”

“भेटलं?”

“नाही.”

“मंग टोपरं नाई भेटलं, तं माही पँट कोठी गेली?”

“खुशीनं नेली. तिच्या कॉलेजात आज जुन्या फॅशनचा दिवस आहे ना. तुमची बेलबॉटम पाहून ती तर नाचालेच लागली.”

भैयालाल मटकन ट्रंकेवर बसले. सत्तरी ओलांडलेला हा माणूस धानाचं पीक हातचं गेलं तरी असा बसला नव्हता.

कारण त्या पँटीत एक गोष्ट गुंडाळून ठेवली होती. पोपटी रंगाची टेरिकॉटची ती बेलबॉटम. मांड्यांशी अशी घट्ट की बसताना श्वास रोखावा लागावा, आणि खाली पायचा असा ऐसपैस की चप्पल आहे की नाही ते देवालाच ठाऊक. ती घालूनच भैयालाल शांतीबाईंना पाहायला गेले होते. लग्नानंतर त्यांनी बायकोला सांगितलं होतं, “खास तुह्यासाठी शिवली, गोंदियाहून.” शांतीबाईंनी ते माहेरी सांगितलं, सासरी सांगितलं, मुलांना सांगितलं, विहिणींना सांगितलं. आयुष्यात नवऱ्यानं न मागता केलेली गोष्ट ती एवढीच.

खरं एवढंच होतं, की तिरोड्याकडच्या त्यांच्या गावात तेव्हा लग्नाची पोरं पाच होती आणि बेलबॉटम एक. मुलगी पाहायला जाईल त्यानं ती घालायची, लग्न जुळलं की धुऊन पुढच्याच्या हाती द्यायची. भैयालालचं सगळ्यांत शेवटी जुळलं. पुढं द्यायला कोणी उरलंच नाही, म्हणून पँट त्यांच्या ट्रंकेत राहिली. त्या राहण्यालाच त्यांनी “शिवली” म्हटलं होतं. खोटं तसं लहानच होतं, पण इतक्या वर्षांत त्याला मुलं-नातवंडं झाली होती.

“आबाजी, कशी दिसते?”

थोरल्या मुलाची खुशी दारात उभी होती. कमरेला ओढणीची गाठ, आणि खाली पायचे असे फडफडत होते की अंगण झाडून निघावं.

“काढ,” भैयालाल म्हणाले.

“क्या यार आबाजी! किती मस्त आहे. आजी, पाहा ना.”

शांतीबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या आणि पाहतच राहिल्या. “अगं माय! माह्यासाठी शिवली होती यायनं. तेव्हा गावात कोणाकडंच नव्हती अशी.”

“नसंलच,” भैयालाल पुटपुटले. कोणाकडंच वेगळी नव्हती, एवढं तर खरं होतं.

खुशीनं मोबाइलमधून वाचायला सुरुवात केली. “ऐका. ही फॅशन आधी जहाजावरच्या खलाशांची होती. डेक धुताना पायचा गुडघ्यावर गुंडाळता यावा म्हणून एवढा रुंद. मग तिकडच्या पोरांनी उचलली, मग सिनेमातल्या हिरोंनी...”

“मंग आमी,” भैयालालला राहवलं नाही. “अन् सायकलच्या चेनीनं. अर्ध्या गावाचे पायचे चेनीतच गेले.”

“मग पेन्सिल पँट आली, बॅगी आली, आणि आता पुन्हा हीच. फ्लेअर म्हणतात आता. जाते, पण मरत नाही.”

“धानातल्या गवतासारखी,” शांतीबाई म्हणाल्या. “कितीबी निंदून काढा, पुन्हा हजर.”

“तेच लिहून मी फोटोपण टाकला ना. आपल्या गावाच्या ग्रुपवर. ‘आबाजींनी आजीसाठी खास शिवलेली बेलबॉटम’.”

भैयालालच्या तोंडचं पाणी पळालं. गावाच्या ग्रुपवर म्हणजे बाकीच्या चारही नवरदेवांच्या हातात! त्यांनी फोन हिसकावला. खुशी ‘अहो, अहो’ म्हणेपर्यंत फोटोवर बोट दाबून धरलं. फोननं इंग्रजीत दोन पर्याय दिले: सगळ्यांसाठी पुसायचं की फक्त माझ्यासाठी. काम आपलं, उगाच जगाला कशाला तसदी, अशा सरळ हिशेबानं त्यांनी दुसरा दाबला. फोटो गेला.

“हे काय केलं!” खुशी किंचाळली. “तो फक्त माझ्या फोनवरून गेला. बाकी सगळ्यांकडे आहे, आणि आता मलापण काढता येत नाही!”

उत्तर द्यायच्या आत भैयालालचा स्वतःचा फोन वाजला. चुन्नीलाल, त्या पाचांतलेच एक. भैयालाल परसात गेले, गोठ्याच्याही पलीकडं.

“काऊन बे भैय्या, खास शिवली म्हणते? माप कोणाचं होतं? माहं! टेलरनं फीत माह्या कमरेले लावली होती.”

“हळू बोल ना गा.”

“मी कायले हळू बोलू? मी काय चोरी केली? मी अन् हिरालाल गोंदियातच आहो. येऊन राहिलो.”

“येऊ नोको! पँट मी तुले पोचवून देतो. तूच ठेव, बापा. फक्त घरी येऊ नोको.”

चुन्नीलालला रागात अर्धंच ऐकू येत असे. त्यातलं ‘तूच ठेव’ एवढं त्यांना नीट ऐकू आलं.

परत येऊन भैयालाल खुशीवर कडाडले, “पँट काढ! आत्ताच्या आत्ता!”

“मी घालू काय मग? सगळ्या मैत्रिणींना सांगितलं मी!”

“गोणपाट घाल! पण हे काढ!”

खुशीनं आयुष्यात आबाजींचं असं तोंड पाहिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी, नाकावर राग, अशी ती आत गेली आणि पँट बदलून, तिचा बोळा करून त्यांच्या अंगावर फेकून परत खोलीत गेली. दार असं आपटलं की पुन्हा झोपू घातलेला टिंकू पुन्हा उठला.

“या घरात आज कोणी हळू बोलन काय?” दामिनी दबक्या आवाजात ओरडली. दबक्या आवाजात ओरडणं ही कला तिला बाळानंतरच साधली होती.

तोवर फटफटी फाटकाशी येऊन थांबली होती. चुन्नीलाल पुढं, पाचांतलेच दुसरे हिरालाल मागं.

“कपडा माहा होता,” उतरता उतरताच हिरालालनं सुरुवात केली. “माह्या बहिणीच्या लग्नात आहेर आल्ता तो.”

“कपड्यानं का होते? मापानं पँट होते,” चुन्नीलाल म्हणाले.

“कपड्याबिगर माप कायले लावतं रे? हवेले?”

“हळू, हळू,” भैयालाल काकुळतीला आले. “हे घे चुन्नी. ने. पिशवीत टाक पयले.”

“अन् मी?” हिरालाल भडकले. “त्याले पँट अन् मले पाणीबी नाई विचारलं! कपडा देणाऱ्याले काही इज्जत आहे का नाई?”

“ती पँट कोठी चालली?”

शांतीबाई दारात उभ्या होत्या. आता हातावर पीठ नव्हतं. त्यांनी हात धुतले होते, आणि हात धुऊन शांतीबाई बाहेर आल्या की घरचे लोक सहसा आत जात.

चुन्नीलालनं पिशवी पाठीमागं नेली. मग हिरालालला वाटलं, आपल्याला न्याय मिळण्याची वेळ हीच. “वहिनी, तुमीच सांगा. या एका पँटीवर गावचे पाच लग्न जुळले. कपडा माहा, अन् हे दोघं आपसातच वाटून राहिले!”

झालं. भैयालालनं डोळे मिटून घेतले. दामिनीनं टिंकूच्या कानावर हात ठेवला, कारण आता जे होईल ते बाळानं ऐकण्यासारखं नसणार.

“पाच?” शांतीबाई म्हणाल्या. “मले तं दोनच माहीत होते.”

“वहिनी, राहू द्या ना आता,” चुन्नीलाल घाईनं म्हणाले. “चाल बे हिऱ्या, उशीर होऊन राहिला.”

“थांबा, चुन्नीलालभाऊ. इतका वेळ माप माहं, माप माहं करत होते ना? मंग तेबी सांगा, माप घेऊन कोठी गेल्ते.”

चुन्नीलाल मान वर करून छपरावरचे कवेलू पाहू लागले.

“माह्या बापाच्या ओसरीवर आल्ते हे,” शांतीबाई म्हणाल्या. “याच पँटीत. मी मान खाली घालून चहा घेऊन आली. मान खाली, तं दिसन का? पायचेच दिसले. हे बसलेबी नाई. इस्तरी मोडन म्हणून उभ्या उभ्या चहा पेले. बाबानं विचारलं, मी म्हणलं नोको.”

“तुले तं पत्रिका नाई जमली म्हणे!” हिरालाल चुन्नीलालकडं वळून ओरडले.

“मंग पुढच्याच महिन्यात पुन्हा तेच पायचे आले,” शांतीबाईंचा आवाज चढत गेला. “तोच पोपटी रंग! मले असा राग आला! म्हणलं, नोको म्हणलं तरी हा माणूस तोंड घेऊन पुन्हा आला? म्हणून मी मान वर केली. आमच्या घरात पोरीनं मान वर करून पाहाची पद्धत नव्हती. पण मी रागानं पाह्यलं. तं दुसराच माणूस! पँट मोठी झाल्ती, कंबर एका हातानं धरून बसला होता. अन् बसला कोठी? सकाळी सारवलेल्या ओल्या भुईवर! कोणी सांगतलं नाई, तं तसाच बसून राह्यला. बाबानं विचारलं, मी म्हणलं हो.”

“म्हणून मागं तो डाग होता!” चुन्नीलाल बोलून गेले आणि पुन्हा कवेलूंकडं वळले.

भैयालालनं डोळे उघडले. “म्हणजे... तुले माहीत होतं?”

“मले का डोळे नाईत?”

“मंग इतके वर्स सगळ्यायले सांगत कायले होती, माह्यासाठी शिवली म्हणून?”

“तुमी सांगतलं म्हणून! दुसरं कोणतं खोटं तुमी माह्यासाठी बोलले? एकच बोलले, ते मी सांभाळून ठेवलं. अन् तुमी तीच पँट यायले देऊन राहिले? मले न विचारता?” त्यांनी चुन्नीलालच्या हातून पिशवी ओढली, पँट काढली आणि खोलीच्या दारावर थाप मारली. “खुशे, घाल अन् जा कॉलेजात. कोणी काही म्हणलं तं मले सांग.”

दार तत्काळ उघडलं, पँट आत गेली.

वादळ संपल्यासारखं वाटलं. हिरालाल पोट धरून हसू लागले. चुन्नीलाल फटफटीची चावी सगळ्या खिशांत शोधू लागले. भैयालाल मात्र जागचे हलले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद येईल म्हणून दामिनी पाहत होती. तिथं हळूहळू काहीतरी दुसरंच चढत होतं.

“म्हणजे,” ते एकेक शब्द मोजत म्हणाले, “चुन्न्या पयले आल्ता?”

“आल्ता,” शांतीबाई म्हणाल्या.

“अन् हे तू मले आता सांगतेस?”

“तुमी विचारलं कोठी?”

भैयालालनं अंगणाच्या टोकाला खुर्ची नेली आणि सगळ्यांकडं पाठ करून बसले. दामिनीनं बाळ एका कडेवर घेऊन, दुसऱ्या हातातला चहाचा ट्रे आधी घरच्या मोठ्या माणसापुढं धरला.

“मले नोको,” भैयालाल मान न वळवता म्हणाले. “पयले त्याले दे. आमी दुसऱ्या नंबरचे.”