एकोणतीस ठणठणीत विद्यार्थी

चाळीस मित्रांना फोन करायचे, प्रत्येकाची बारा मिनिटं, म्हणजे झाले आठ तास. अकरा जणांवर थांबलं तर त्यातले जवळजवळ सहा तास वाचतात. चिरंजीवांनी हा हिशेब अंथरुणात पडल्यापडल्याच केला. सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि लॉकडाउनमध्ये हीच त्यांची पहाट होती.

कॉलेजच्या मॅडमनी प्रकल्प दिला होता. लॉकडाउनमध्ये विद्यार्थी कधी उठतात, काय खातात, कोणता व्यायाम करतात, आजारी पडले का, आणि आरोग्याच्या बातम्यांवर कितपत विश्वास ठेवतात? वीस गुण.

फॉर्ममध्ये एक गोम होती. 'गेल्या दोन महिन्यांत आजारी पडलात का?' याला 'नाही' म्हटलं की पुढचं पान. 'हो' म्हटलं की आणखी सहा प्रश्न उघडायचे. अकरावा मित्रही 'हो' म्हणाला, पण आधीच्या दोघांसारखा नुसत्या तापावर थांबला नाही. खोलीत एकट्याने काढलेले नऊ दिवस सांगत बसला. चाळीस मिनिटं झाली आणि सहा प्रश्न अजून बाकीच. "अरे, तुझा आवाज तुटतोय," म्हणत चिरंजीवांनी फोन ठेवला, तो पुन्हा उचलला नाही.

उरलेले एकोणतीस फॉर्म त्यांनी स्वतःच भरले, एका बैठकीत, म्हणजे खरं तर एका लोळणीत. आजाराला सरसकट 'नाही'. उठण्याची वेळ साडेपाच, मॅडमना बरं वाटावं म्हणून. व्यायामात कुणाला दोरीवरच्या उड्या, कुणाला जिने. कल्पना आटल्यावर शेवटच्या नऊ जणांना त्यांनी गच्चीवर उलटं चालायला लावलं आणि कूस बदलली.

मॅडमनी आकडे जुळवले. दोरीवाल्यांत आणि जिनेवाल्यांत खऱ्या अकरांपैकी कुणी ना कुणी आजारी निघालं होतं. उलटं चालणाऱ्यांत मात्र एकही नाही. मॅडम हरखल्या, कॉलेज हरखलं, आणि आठवड्याभरात पेपरात पाचव्या पानावर मथळा आला : 'उलटे चालणारे विद्यार्थी आजारापासून दूर'.

चिरंजीवांचे बाबा घड्याळं दुरुस्त करत. दुकान अडीच महिने बंद होतं, येत्या सोमवारी उघडायचं होतं. गिऱ्हाइकांची तेवीस घड्याळं ट्रेमध्ये वाट बघत होती. बाबांचं एक तत्त्व होतं : फोनवर आलेल्या आरोग्याच्या सल्ल्यावर विश्वास ठेवायचा नाही, छापून आलं तरच ठेवायचा.

"ऐक," बाबांनी पेपर उघडला. "तुमच्याच कॉलेजची पोरं आहेत. साडेपाचला उठतात."

"बाबा, असल्या सर्व्हेचं काही खरं नसतं."

"फोनवरचं खरं नसतं. हे छापलंय. एवढ्या पोरांत तू एक तरी असायचास."

चिरंजीव एकटेच त्यांच्यात एकोणतीस होते, पण ते सांगण्याजोगं नव्हतं.

"त्याला कुठे उलटं चालायला सांगता?" आई म्हणाली. "सुलटा तरी चालतोय का तो?"

बुधवारपासून बाबा पहाटे गच्चीवर उलटे चालू लागले. आपण खरं सांगावं की गप्प बसावं, यावर चिरंजीवांनी दिवसभर विचार केला आणि मधला मार्ग काढला : आपणही उठायचं आणि बाबा पडू नयेत म्हणून त्यांच्या मागे उभं राहायचं. गुरुवारी ते साडेपाचला गच्चीवर हजर झाले. बाबांचा चेहरा असा उजळला की बोलायचं तोंडातच राहिलं.

"उठलास की. बघ, एका बातमीने काय होतं."

शुक्रवारीही उठले. शनिवारी गजर झाला, तो त्यांनी पाचच मिनिटांसाठी बंद केला.

गच्चीवर पाण्याच्या टाकीचा पाईप बाबांच्या पायात आला. उजवं मनगट मोडलं.

"उलटं चालताना पडलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"पद्धतीत चूक नाही," बाबा म्हणाले. "हा येतोय का म्हणून जिन्याच्या दाराकडे बघत राहिलो. पाईपचं भान राहिलं नाही."

घरी आल्यावर चिरंजीवांनी सगळं सांगितलं. आई उठून आत गेली. बाबांनी प्लास्टरमधला हात मांडीवर घेतला.

"नऊच्या नऊ तूच?"

"हो."

"आणि ते साडेपाचला उठणारे?"

"तेही मीच."

"कागदावर तरी उठलास," बाबा म्हणाले. "लाव फोन मॅडमना."

सर्व्हे पुन्हा करायचा ठरला. पेपरात सातव्या पानावर तीन ओळींचा खुलासा आला, तो ज्यांनी आधीची बातमी वाचली होती त्यांनी वाचला नाही.

चिरंजीव बाबांच्या शेजारी बसून फोन करू लागले. पहिला त्या अकराव्या मित्राला. "त्या दिवशी तुझा आवाज तुटत नव्हता रे," असं आधी सांगून टाकलं. मग त्यांनी सहाही प्रश्न विचारले, आणि मध्ये तोडलं नाही.

एकविसावा मित्र म्हणाला, "व्यायाम? मी उलटा चालतो. पेपरात आलं होतं ना, आपल्याच कॉलेजचं."

चिरंजीवांनी बाबांकडे बघितलं.

"लिही," बाबा म्हणाले. "या वेळी खरं आहे. आणि त्याला सांग, पाईप बघून चाल."

शेवटचा जमाखर्च असा : वाचलेले सहा तास फेडायला चार दिवस लागले. वीसपैकी सात गुण मिळाले. मॅडमना वरून बोलणी बसली. सोमवारी दुकान आईने उघडलं आणि "सहा आठवडे लागतील," असं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं; का, ते सांगितलं नाही. तेवीस घड्याळं ट्रेमध्ये तशीच राहिली.

चिरंजीव आता रोज साडेपाचला उठतात. बाबांच्या शर्टाची बटणं लावायची असतात. डाव्या हाताने त्यांना जमत नाहीत.